दिवाणचं लक्ष

"कुंदाताई, जरा तिकडे सरका हो. तुमचं कोपर माझ्या बरगडीत, सरांचं भाषण माझ्या डोक्यात, आणि ह्या साहेबांना म्हणे आज डिंक पातळ झालाय. मी इथे पीएचडी करायला आले होते, आचारी व्हायला नाही."

ऋजुता हे पुटपुटली ते माझ्या कानाला जवळजवळ ओठ लावूनच. दुसरा इलाज नव्हता. काळ्या कापडाच्या पडद्याआड एका स्टुलावर आम्ही दोघी बसलो होतो, आणि आमच्या दोघींच्या मानाने ते स्टूल फार आशावादी होतं. पुढे काच, काचेपलीकडे देव्हाऱ्याएवढी पेटी, आणि पेटीत दिवाण.

दिवाण म्हणजे माकड. पण माकड म्हटलं की डोळ्यांपुढे येतं तसलं, देवळाच्या कळसावर बसून नारळ पळवणारं नव्हे. हे मार्मोसेट. मूळचं ब्राझीलच्या जंगलातलं, आकाराने खारीएवढं, शेपटीवर पट्टे, आणि दोन्ही कानांवर पांढऱ्या केसांचे असे झुपके की एखाद्या संस्थानाचा कारभार पाहून निवृत्त झालेला गृहस्थ वाटावा. म्हणून दिवाण. नाव मीच ठेवलं होतं.

"डिंक तसाच राहू दे," मी म्हटलं. "खातोय की."

"खातोय, पण तोंड वाकडं करून. बघा ना, सासरी आल्यासारखा."

ही माकडं रानात झाडाची साल कुरतडून डिंक चाटतात. म्हणून केंद्रात बक्षीस डिंकाच्या पाण्याचं. आम्ही बाभळीचा डिंक आणायचो, भिजवायचो, गाळायचो, आणि पेटीतल्या दोन बारीक नळ्यांत भरायचो. एक डावीकडे, एक उजवीकडे. पुढ्यात हात लावला की कळणारा पडदा. पडद्यावर आधी एका बाजूला पिवळा ठिपका चमकायचा आणि जायचा. मग दोन्ही बाजूंना दोन चित्रं यायची. ठिपका जिकडे होता तिकडच्या चित्राला माकडाने हात लावायचा. चुकला तर काही नाही, बरोबर आला तर त्या बाजूच्या नळीतून डिंकाचा थेंब. चित्रं मुद्दाम मोहात पाडणारी. पपई, नाकतोडा, साप, दुसऱ्या माकडाचं तोंड. चित्रांकडे बघत बसलं की ठिपका विसरायला होतो. त्याला म्हणायचं लक्ष, आणि ते मोजायला आमचं केंद्र.

चित्रं माझी. मी कुठल्या कलाशाळेची पायरी चढलेली नाही. भोरमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवायची, लग्नघरांच्या भिंतींवर गणपती काढायची, शाळांना पचनसंस्थेचे तक्ते करून द्यायची. केंद्राला 'कमी खर्चात चित्रकार' हवा होता, आणि कमी खर्चात आमच्या भागात मीच होते. संगणकावर चित्र काढायला एका सुटीत मीच माझी शिकले. आणि खरं सांगते, माझ्या चित्रांचा इतका भक्त मला जन्मात मिळाला नव्हता. बाकीची माकडं माझ्या पपईकडे बघून आळस देत. ठमी तर सापाचं चित्र आलं की पेटीत शी करून ठेवायची. दिवाण मात्र ताठ बसून, मान एका बाजूला कलती करून, समोर तोंड धरून ऐकल्यासारखा बघायचा, आणि अचूक हात लावायचा. मी घरी नवऱ्याला सांगायची, "माझं काम कळणारा एकच प्राणी आहे जगात, आणि तो डिंकावर काम करतो."

त्या केंद्राच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. माकडांच्या खोलीत वधूपक्ष उतरतो, असं ऐकते. त्यावेळी मात्र फाटकावर मोठी पाटी होती, 'ज्ञानेंद्रिय संशोधन केंद्र', तीही मीच रंगवलेली. आणि आत सर्वेसर्वा डॉक्टर केळुसकर.

केळुसकर सरांनी लक्ष ह्या विषयावर उभा जन्म घालवला होता, आणि माणसांकडे लक्ष द्यायचं तेवढं राहून गेलं होतं. मला ते 'आर्टिस्ट' म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण वापरायची गरज पडली नव्हती. बोलताना समोरच्याची नजर जरा जरी ढळली तरी तोंडापुढे टिचकी वाजवायचे. "इकडे. इकडे. माझं माकड तुमच्यापेक्षा जास्त वेळ लक्ष देतं." शिपायालाही टिचकी, पाहुण्यालाही टिचकी. एकदा वीज मंडळाचा माणूस मीटर बघायला आला होता, त्यालाही सरांनी टिचकी वाजवली. तो म्हणाला, "साहेब, मी मीटरकडं लक्ष देऊ का तुमच्याकडं?" सर म्हणाले, "निवड करा. लक्ष म्हणजे निवड." माणसाने मीटर निवडलं.

असे हे सर त्या गुरुवारी पडद्याबाहेर आम्हांला ऐकू जाईल अशा आवाजात, पण दुसऱ्याच कुणाला उद्देशून, भाषणाची तालीम करत होते.

"मित्रहो, उद्या तुम्ही जे पाहणार आहात ते भारतात कुठेही पाहायला मिळणार नाही."

"ते खरंय," ऋजुता माझ्या कानात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून समितीची दोन माणसं येणार होती. त्यांनी दिवाणचं काम डोळ्यांनी बघायचं, संमती द्यायची, आणि सोमवारी दिवाणची शस्त्रक्रिया. सरांना आता नुसतं हात लावणं पुरेसं नव्हतं. माकड लक्ष देतं तेव्हा मेंदूत काय होतं ते त्यांना हवं होतं. म्हणजे कवटीला खिडकी पाडायची, आणि मेंदूच्या ज्या भागात पाहणं चालतं तिथे बारीक तार बसवायची. दिवाणची कवटी केवढी, तर आक्रोडाएवढी.

आणि दिवाणच का? तर सगळ्या कळपात तोच हुशार.

आता ही हुशारी कशी होती ते सांगायला हवं.

दिवाणच्या पिंजऱ्याजवळ जायचं तर आधी दारावर नखाने टकटक करायची, अशी केंद्रात पद्धत होती. इतर पिंजऱ्यांना नाही, फक्त त्याला. हात आत घालण्यापूर्वी त्याच्याशी बोलायचं. पाण्याची बाटली रोज त्याच जागी, जराही इकडेतिकडे नाही. पिंजऱ्यावर मी सुबक अक्षरांत रंगवून दिलेली पाटी होती: 'आतील दांडी हलवू नये.' नवीन माणसाने कारण विचारलं तर आम्ही सगळे एका सुरात सांगायचो, "तो जरा तापट आहे. कलावंतासारखा. त्याला मान लागतो."

हे मानपान सुरू झालं दिवाळीच्या साफसफाईपासून. पिंजरे धुऊन झाल्यावर दिवाणची बसायची दांडी परत बसवली, ती नेहमीच्या जागेपासून वीतभर डावीकडे. पोहणाऱ्याने ओळखीच्या विहिरीत सूर मारावा तसा दिवाण फळीवरून बिनधास्त झेपावला, दांडी नव्हती तिथे, आणि खाली पत्र्यावर आदळला. मग उठून बसला. दोन्ही हातांनी हवा चाचपायला लागला. थोड्या वेळाने एक हात दांडीला लागला, तेव्हा तो तिच्यावर चढून बसला आणि कानांवरचे झुपके नीट करायला लागला, काही झालंच नाही अशा थाटात.

आम्ही चौघं समोर उभे होतो. सर, ऋजुता, प्राण्यांचे डॉक्टर पोतनीस आणि हातात पाटीचा ब्रश घेऊन मी. काही महिन्यांपासून दिवाणच्या डोळ्यांवर दुधावरच्या सायीसारखं काहीतरी आलेलं आम्ही चौघांनीही बघितलं होतं.

शेवटी सर म्हणाले, "दांडी कुणी हलवली?"

"हलवायला नको होती," पोतनीस म्हणाले.

"पाटी लावा," सर म्हणाले. "आर्टिस्ट, पाटी."

मी पाटी रंगवली. प्रश्न मिटला.

आणि पेटीत उत्तरं बरोबर यायची त्याचं असं, की पडद्यावर ठिपका चमकायच्या आधीच यंत्र त्या बाजूच्या नळीची झडप तयार ठेवायचं. झडपेचा आवाज म्हणाल तर आम्हांला ऐकूही येत नसे. पण पेटीवर बोट ठेवलं तर इवलीशी थरथर जाणवायची, मांजर दुसऱ्या खोलीत उडी मारतं तेवढी. एकदा डावी झडप अडकून पडली होती. त्या दिवशी दिवाणने सगळी उत्तरं उजवीकडेच दिली. ऋजुताने तो दिवस 'यंत्र बिघडले' म्हणून बाजूला काढला. यंत्र बिघडलं होतंच म्हणा.

गुरुवारी काम संपल्यावर आम्ही दोघी फाटकाबाहेरच्या टपरीवर गेलो. ऋजुता घोडके सांगोल्याची. घरात पहिली शिकलेली, आणि घरच्यांना रोज फोनवर पटवून सांगावं लागे की माकडांचं शिक्षण म्हणजे सर्कस नव्हे. चहात बिस्कीट बुडवून ती ते विसरली, आणि ते तुटून तळाशी गेलं.

"सोमवारी मी रजा टाकू का?" ती म्हणाली.

"कसली? तापाची?"

"लग्नाची. आईला सांगते, कुठलंही स्थळ बघ, सोमवारी उभी राहते. आंतरपाट धरायला तुम्ही या."

"ऋजुता, मला एक सांग. चित्रकाराला कळेल असं सांग. ती तार नक्की काय करते?"

"काही करत नाही. ऐकते. पाहण्याच्या भागात पेशी असतात, समोर चित्र आलं की त्या बडबड करतात. तार ती बडबड ऐकते."

"आणि नाही बोलल्या तर?"

"मग तार चुकीच्या जागी बसली असं धरायचं. आणखी आत घालायची."

"तरी नाही बोलल्या?"

तिने चमच्याने कपाच्या तळातलं बिस्कीट शोधलं. "तरी नाही तर दुसरीकडे भोक पाडायचं. असं करत करत."

"कुठवर?"

"माकड आहे तोवर."

टपरीवाल्याने स्टोव्हला पंप मारला. आम्ही दोघी स्टोव्हकडे बघत बसलो.

"कुंदाताई, मला काही विचारू नका."

"मी कुठे काय विचारलं?"

"तेच म्हणते. विचारूही नका. माझा सगळा प्रबंध त्या एका माकडाच्या डोक्यावर उभा आहे. बाकीची सगळी नापास. ठमीवर कोण डॉक्टरेट देणार मला? सांगोल्याला काय सांगू, की एवढी वर्षं मी..." तिने वाक्य तिथेच ठेवलं. मग म्हणाली, "सर बोलतील. बोलायचं असेल तर त्यांनी बोलावं. केंद्र त्यांचं आहे."

"सर? सरांनी आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या विरुद्ध शिंक तरी दिली आहे का?"

ती हसली. पण हसू पुरं व्हायच्या आत उठली.

परत येताना पोतनीस भेटले. स्कूटरची काच पुसत होते. पोतनीस फार सभ्य माणूस. इतका सभ्य, की आजारी प्राण्यालाही ते वाईट बातमी सांगत नसत.

"डॉक्टर," मी म्हटलं, "दिवाणला सोमवारी भूल देण्याआधी सगळं तपासणार ना तुम्ही?"

"सगळं. वजन, दात, छाती, शेपूट."

"शेपटीवरून वर आलात की चेहराही लागेल वाटेत."

त्यांनी फडकं घडी करून खिशात ठेवलं. "डोळ्यांचा डॉक्टर वेगळा असतो, कुंदाताई. माणसांतही वेगळाच असतो."

"मी डोळ्यांचं नाव घेतलं नव्हतं."

"मीही नाही," पोतनीस म्हणाले, आणि किक मारून निघून गेले.

शुक्रवारी सकाळी समिती यायच्या आधी मी चित्रांच्या संगणकावर बसले. पेटीच्या पडद्यावर काय दिसणार ते माझ्या हातात होतं, कारण पिवळ्या ठिपक्यापासून सापापर्यंत सगळं मीच काढलेलं. ते सगळं मी बाजूला काढून ठेवलं, आणि प्रत्येकाच्या जागी एकच चित्र घातलं. काळं. कडेपासून कडेपर्यंत नुसतं काळं. माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यात सोपं काम. मनात हिशोब असा, की बोलायची पाळीच कुणावर येऊ नये. पडदा काळा, माकड अचूक. मुंबईहून आलेली शिकलीसवरलेली माणसं, दोन आणि दोन चार करतीलच की. ऋजुताच्या तोंडून जायला नको, पोतनिसांच्या सभ्यतेला धक्का नको. लक्षाच्या केंद्रात एवढं तर कुणाच्या लक्षात येईल!

समिती आली. राजाध्यक्षबाई आणि धारवाडकर. बाई उंच, कडक इस्त्रीची साडी, आणि फोन हातात नव्हे तर हातालाच उगवल्यासारखा. धारवाडकर गोल, प्रसन्न, जिथे जातील तिथे कौतुक करायला आलेले. फाटकाचं कौतुक झालं, झेंडूच्या वाफ्याचं झालं, चहाचं तर झालंच.

"आणि ह्या आमच्या आर्टिस्ट," सर म्हणाले.

"अरे वा! म्हणजे माकडांच्या रविवर्माच की!" धारवाडकर म्हणाले, आणि स्वतःच हसले.

सगळे काचेपुढे येऊन उभे राहिले. ऋजुता पडद्याआड गेली, यंत्र सुरू केलं. काचेच्या बाजूला बाहेर दुसरा एक पडदा होता, त्यावर बरोबर उत्तरांची हिरवी रेघ चढताना दिसायची. ती पाहुण्यांसाठी.

पेटीत दिवाण ताठ बसला. मान कलती केली. समोर काळं. हात गेला डावीकडे, डिंक. मग उजवीकडे, डिंक. पुन्हा उजवीकडे. बाहेरची हिरवी रेघ चढायला लागली. मी पेटीतल्या काळ्या पडद्याकडे बघत होते. आता म्हणतील. आता.

"सुंदर!" धारवाडकर म्हणाले. ते रेघेकडे बघत होते.

"किती मिनिटं बसतो असा?" राजाध्यक्षबाईंनी फोनला विचारलं.

"थकेपर्यंत," सर म्हणाले. "मित्रहो, लक्ष म्हणजे..." आणि त्यांनी काचेकडे हात केला, आणि हात तसाच राहिला.

सरांनी बघितलं. काळा पडदा त्यांनी बघितला, आणि मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, झालं, आता टिचकी. पण त्यांनी मान फिरवली. पुन्हा पेटीकडे बघायला लागले. दिवाणने पुन्हा बरोबर हात लावला. ऋजुता पडद्याआडून बाहेर आली होती. तिला आतून सगळं दिसलंच असणार. तिचा चेहरा काढायला मला कुणी सांगितलं असतं तर तेव्हा पांढरा रंग पुरला नसता. पोतनीस भिंतीवरच्या आग विझवायच्या सूचना वाचत होते.

पाहुण्यांना मात्र हिरवी रेघ पुरली. ती वर जात होती, आणि वर जाणाऱ्या रेघेपुढे मान डोलवायची सवय त्यांना चांगली लागली होती. धारवाडकरांनी टाळी वाजवली. मग बाईंनीही वाजवली, फोन एका हातात धरून.

"आणि हो, चित्रं," धारवाडकर माझ्याकडे वळून म्हणाले, "चित्रं फार बोलकी आहेत हो तुमची. उगाच नाही माकड असं खिळून बसत."

पाट्या रंगवण्याच्या धंद्यात नाना तऱ्हेच्या गिऱ्हाइकांनी माझी तोंडभर स्तुती केली आहे, पण न काढलेल्या चित्रांची कुणी केली नव्हती.

"कुठलं आवडलं तुम्हांला?" सरांनी विचारलं. आवाज अगदी मऊ. सरांचा आवाज मऊ झाला की केंद्रात लोक कामाला लागायचे.

"अं? ते आपलं... माकडिणीचं. डोळ्यांत काय भाव आलाय!"

"आणि बाई, तुम्हांला?"

"सगळीच छान आहेत," राजाध्यक्षबाई फोनवर बोट फिरवत म्हणाल्या. "रंग किंचित गडद वाटले मला. पण ते पडद्यामुळे असेल."

"असेल," सर म्हणाले.

त्यांचा चेहरा मी तेव्हा नीट बघितला. तो ओळखीचाच होता. खालचा ओठ जरा पुढे, नाकपुड्या फुगलेल्या. पायाखाली काहीतरी आलंय आणि ते काय आहे हे कळलेलं आहे असा. हा चेहरा आम्ही रोज बघत होतो. मीटरवाल्याने बघितला होता. दया, माया, पश्चात्ताप असलं काही सरांच्या तोंडावर मला कधी दिसलं नाही, त्या दिवशीही दिसलं नाही. नुसता तिटकारा होता, शुद्ध, तुपासारखा. एवढंच, की आज तो आमच्यासाठी नव्हता.

राजाध्यक्षबाईंनी पर्समधून पेन काढलं. "चला. मग सोमवारी. डॉक्टर पोतनीस, प्राणी शस्त्रक्रियेला ठीक आहे ना?"

पोतनीस आगीच्या सूचनांपासून दूर झाले. "वजन उत्तम आहे," ते म्हणाले.

"छान. आणि तुम्ही... ऋजुता ना? तुमची काही हरकत? काम तुमचं आहे."

ऋजुताने माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे, मग काचेकडे. आत दिवाण नळीच्या तोंडाशी लागलेला शेवटचा थेंब चाटत होता. तिने ओठ ओले केले. सगळे थांबले.

"डिंक," ती म्हणाली, "आज घट्ट झालाय. त्याला आवडलाय."

"गोड!" धारवाडकर म्हणाले.

मला कुणी विचारलं नाही. कवटीला भोक पाडताना पाट्या रंगवणाऱ्या बाईची हरकत कोण विचारतं? बाईंनी पेनचं टोपण काढलं. मी एक पाऊल पुढे झाले.

"बाई, तो पडदा..."

"आर्टिस्ट, थांबा," सर म्हणाले.

मी थांबले. मला वाटलं, आटपलं. आता हा माणूस पडद्याची वायर सुटली होती म्हणेल, हसेल, चहा मागवेल, आणि सोमवारी हात धुऊन उभा राहील. त्या क्षणी मी त्यांना मनातल्या मनात जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते आमच्या भागात बैलालाही म्हणत नाहीत.

सर राजाध्यक्षबाईंच्या समोर गेले आणि त्यांच्या तोंडापुढे टिचकी वाजवली. मग धारवाडकरांच्या तोंडापुढे वाजवली.

"इकडे. त्या रेघेकडे नाही. पेटीत बघा. माकडासमोर काय आहे?"

दोघांनी काचेला नाक लावलं. बाईंचा फोन पहिल्यांदा खाली गेला.

"काळं आहे," धारवाडकर म्हणाले. प्रसन्नपणा हळूहळू उतरायला लागला. "बंद पडला वाटतं? आत्ता बंद पडला का?"

"तुम्ही आत आल्यापासून काळा आहे. पहिल्या टाळीच्या आधीपासून. माकडिणीच्या डोळ्यांतला भाव तुम्ही ह्याच पडद्यावर बघितलात."

"पण डॉक्टर केळुसकर, हा काय प्रकार आहे?" बाईंचा आवाज चढला. "आमची परीक्षा घेताय का तुम्ही? आणि पडदा काळा असेल तर हे माकड इतकी बरोबर उत्तरं देत कसं होतं? काहीतरी दिसतच असेल ना त्याला!"

ऋजुताने भिंतीला हात टेकला. पोतनीस म्हणाले, "सर, आपण जरा चहा..." आणि सरांनी त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. ते बाईंच्या हातातल्या उघड्या पेनकडे बघत होते.

"टोपण लावा त्याला," सर म्हणाले. "सोमवारी काही व्हायचं नाही. काहीही दिसत नाही त्याला, बाई. आंधळा आहे तो. आणि आम्हां चौघांनाही ते ठाऊक आहे."